हुसेनचं चित्र, लासलगावचा कांदा आणि आपला फ्लॅट: भाव ठरतो तरी कधी?

१९ मार्च २०२५ला न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात मकबूल फिदा हुसेन यांचं ‘ग्राम यात्रा’ हे चित्र १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला गेलं. आपल्या हिशोबात जवळपास ११८ कोटी रुपये. चित्र १९५४ सालचं, साधारण चौदा फूट लांब, त्यात खेड्यातल्या जगण्याची तेरा दृश्यं. नॉर्वेहून दिल्लीत कामासाठी आलेल्या लिऑन व्होलोदार्स्की या डॉक्टरने ते तेव्हा १,४०० रुपयांना घेतलं होतं. पुढे ते ऑस्लोच्या हॉस्पिटलकडे गेलं आणि कित्येक दशकं तिथल्या भिंतीवर लटकत राहिलं. सहा महिन्यांनी, सप्टेंबर २०२५मध्ये, दिल्लीत सॅफ्रनआर्टच्या लिलावात नागपूरला जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांचं १९७० सालचं एक चित्र ६७ कोटी ८ लाखांना विकलं गेलं.

अशी बातमी आली की टपरीवर दोनच प्रतिक्रिया येतात. एक, “कॅनव्हास आणि रंग मिळून पाच हजारांचे, बाकीचे कसले?” दुसरी, “काळ्याचा पांढरा चाललाय सगळा.” दुसऱ्या संशयाला जागा नाही असं या धंद्यातले लोकही म्हणणार नाहीत, पण तो वेगळा विषय. पहिला प्रश्न मात्र फार कामाचा आहे. चित्राला एमआरपी नसते. उत्पादनखर्च काढून त्यावर नफा लावता येत नाही. तशीच दुसरी वस्तू शेजारच्या दुकानात मिळत नाही. मग उरतं काय? फक्त ठरवाठरवी. म्हणून घासाघिशीचे सगळे डाव तिथे उघडे दिसतात.

आणि तुमच्या-आमच्या आयुष्यातले मोठे व्यवहार आठवून पाहा. जुना फ्लॅट, वापरलेली गाडी, द्राक्षबाग, मंगल कार्यालय, नोकरीतला पगार. यातल्या एकावरही एमआरपी छापलेली नसते.

आधी तीन शब्द

नाशिक जिल्ह्यात लिलाव कुणाला समजावून सांगायची गरज नाही. लासलगावला किंवा पिंपळगावला ट्रॅक्टर रांगेत उभे राहतात, व्यापारी एकेका ट्रॉलीजवळ येतात, मूठभर कांदा हातात घेतात, क्विंटलचा भाव पुकारला जातो, शेवटची बोली ज्याची त्याचा माल. चित्रांचा लिलाव याच जातीचा. फरक एवढाच की तिथे तीन आकडे आधी ठरलेले असतात.

पहिला, अंदाजित किंमत. लिलावघर पुस्तिकेत छापतं, “हे चित्र २५ ते ३५ लाख डॉलरचं.” ‘ग्राम यात्रा’चा छापील अंदाज नेमका एवढाच होता. दुसरा, राखीव किंमत. याच्या खाली विकायचं नाही असा विकणारा आणि लिलावघर यांच्यातला गुप्त आकडा. तो छापील अंदाजाच्या खालच्या टोकापेक्षा जास्त ठेवायचा नाही असा मोठ्या लिलावघरांचा नियम आहे. तिसरा, प्रीमियम. हातोडी पडली त्या आकड्यावर लिलावघर खरेदीदाराकडून वेगळी टक्केवारी घेतं. आपल्याकडे ती साधारण २० टक्के.

यातला एक आकडा दाखवायचा, एक लपवायचा आणि एक नंतर लावायचा. फ्लॅटच्या व्यवहारातही हे तिन्ही असतात. बहुतेकांनी ते आधी कागदावर मांडलेले मात्र नसतात.

खुंटा कोण ठोकतो?

गाईला खुंट्याला बांधलं की ती दाव्याच्या लांबीइतकंच चरते. भावाच्या बोलणीत पहिला आकडा हाच खुंटा. पाथर्डी फाट्याजवळचा जुना टू बीएचके बघायला गेलात आणि मालक म्हणाले, “अठ्ठावन्न, सिंहस्थ येतोय, भाव कुठे जातील बघा,” की पुढची सगळी चर्चा अठ्ठावन्नच्या आसपास फिरते. तुम्ही बावन्नवर आणलंत तर जिंकल्यासारखं वाटतं. फ्लॅट सेहेचाळीसचा असला तरीही.

चित्रबाजारात यावर नीट अभ्यास झाला आहे. ॲलन बेग्ज आणि कॅथरिन ग्रॅडी या अर्थतज्ज्ञांनी पुन्हा विक्रीला आलेली चित्रं तपासून २००९ मध्ये दाखवून दिलं की मागच्या विक्रीचा आकडा नव्या अंदाजावर आणि नव्या बोलीवर सावली टाकतो. मागच्या वेळी बाजार चढा असला म्हणून ते महाग गेलं असेल, तरी तोच आकडा डोक्यात बसतो. तज्ज्ञांच्याही.

उपाय एकच, स्वतःचा खुंटा घरून घेऊन जाणे. फ्लॅटसाठी तो फुकट मिळतो. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ आहे. जिल्हा, गाव, वर्ष आणि गट किंवा सर्व्हे क्रमांक टाकला की त्या मिळकतीचे नोंदवलेले व्यवहार दिसतात. त्यातली सूची क्रमांक दोन उघडा. तिच्यात मोबदला आणि बाजारभाव असे दोन रकाने असतात, शिवाय क्षेत्रफळ. त्याच इमारतीतले किंवा शेजारच्या दोन इमारतींतले गेल्या वर्षभराचे तीन-चार व्यवहार काढा, मोबदल्याला चटई क्षेत्राने, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेने, भागा. क्षेत्रफळ चटई आहे की बांधीव हे तपासूनच भागा, इथे बरेच जण फसतात. समजा दर ७,१०० रुपये चौरस फूट आला आणि तुमचा फ्लॅट ६५० चौरस फुटांचा आहे. ४६ लाख १५ हजार. आता तुमच्याजवळ खुंटा आहे.

तो ठोकायचाही एक ढंग असतो. “काका, पंचेचाळीसला देता का?” म्हटलं तर काका हसतील. “काका, याच बिल्डिंगचे वर्षभरातले तीन व्यवहार काढलेत, त्या हिशोबाने सेहेचाळीस पंधरा बसतात, तुमचा हिशोब कसा आहे?” म्हटलं तर अठ्ठावन्न कसे आले ते काकांना सांगावं लागतं. पुष्कळदा सांगता येत नाही.

मग हुसेनचा अंदाज इतका कमी का छापला?

हा खरा गंमतीचा भाग. अंदाज २५ ते ३५ लाख डॉलर, विक्री १ कोटी ३७ लाखांवर. एप्रिल २०२५मध्ये चित्रकार तय्यब मेहतांच्या ‘ट्रस्ड बुल’चा अंदाज ५ ते ७ कोटी रुपये होता, विक्री ६१ कोटी ८० लाखांना झाली. पहिला आकडा जर खुंटा असेल तर विकणाऱ्याने तो इतका खाली का ठोकावा?

कारण इथे घेणारे अनेक आहेत. आकडा कमी दिसला की “आपल्या आवाक्यात आहे” म्हणत जास्त माणसं हात वर करतात. आत शिरलेला माणूस सहजासहजी बाहेर पडत नाही, आणि बाकीचे चढतायत हे बघून त्याला वस्तूच अधिक मोलाची वाटू लागते. तिथे भाव वर नेण्याचं काम विकणाऱ्याला करावंच लागत नाही, घेणारेच एकमेकांना वर नेतात.

यातून निघणारा नियम असा: समोर एकच गिऱ्हाईक असेल तर वरून सुरुवात करा, अनेक असतील तर खालून. घोटाळा होतो तो परिस्थिती न ओळखल्यामुळे. जुनी स्कूटर विकायची आहे, बाजारात तिचे ४२ ते ४५ हजार येतात. ३८ हजारांची जाहिरात टाका, पण फोन आला की लगेच “या” म्हणू नका. सगळ्यांना रविवारी सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान बोलवा. अंगणात तिघं एकदम उभे राहिले की पुढचं तुम्हाला बोलावं लागत नाही. हेच तिघं तीन वेगवेगळ्या संध्याकाळी आले तर प्रत्येक जण ३८च्या खालीच बोलेल आणि स्कूटर पस्तीसला जाईल. किंमत तीच, गाडी तीच, फक्त वेळ वेगळी.

अट एक. तुमची राखीव किंमत घरात ठरलेली हवी आणि “आज नाही देत” म्हणण्याची तयारी हवी. नाहीतर पाऊस पडला, एकच जण आला, आणि गाडी अडतीसलाच गेली.

ट्रॉलीच्या आत काय आहे?

लिलावात जो जिंकतो तो शहाणाच असतो असं नाही. १९७१ साली केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अमेरिकन पेट्रोलियम अभियंत्यांनी समुद्रातल्या तेलपट्ट्यांच्या लिलावांबद्दल लिहिताना दाखवलं की जिंकणाऱ्या कंपन्यांच्या हाती वारंवार अपेक्षेपेक्षा कमी पडतं. कारण साधं आहे. जमिनीखाली किती तेल आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. प्रत्येक जण अंदाज बांधतो, काहींचा कमी येतो, काहींचा जास्त. आणि लिलाव कोण जिंकतो? ज्याचा अंदाज वरच्या बाजूला सगळ्यांत जास्त गेला तो. याला जिंकणाऱ्याचा शाप म्हणतात.

कांद्याच्या ट्रॉलीला हे जसंच्या तसं लागू पडतं. वरचा थर सगळ्यांना दिसतो, आतला कुणालाच नाही. पाच व्यापाऱ्यांपैकी ज्याला आतला माल सगळ्यांत चांगला असेल असं वाटलं, त्याची बोली सर्वांत वर जाते. मग खळ्यावर ट्रॉली रिकामी होताना गोल्टी (बारीक कांदा) किंवा ओला माल निघतो आणि भाव पाडण्यावरून वांधा सुरू होतो. शेतकऱ्याला ती निव्वळ लबाडी वाटते, आणि कधीकधी ती असतेही. पण पुष्कळदा तो चुकलेला अंदाज दुरुस्त करायचा प्रयत्न असतो, आणि बिल मात्र शेतकऱ्याच्या नावावर फाटतं. म्हणून वर-खाली सारखाच माल भरणाऱ्याला दोन पैसे जास्त मिळण्याची शक्यता असते. आत बघायला मिळाल्यावर व्यापाऱ्याला शापाची धास्ती उरत नाही, तो मोकळेपणाने बोली देतो.

चित्रबाजार याच कारणाने कागदपत्रांवर इतका भर देतो. चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं याची साखळी सलग असेल तर बोली वर जाते. हुसेनच्या त्या चित्राची साखळी दोनच कड्यांची होती, डॉक्टर आणि हॉस्पिटल. उलट उदाहरण न्यूयॉर्कच्या नोडलर गॅलरीचं. १६५ वर्षं जुनी, नावाजलेली, आणि २०११मध्ये बंद पडली. तिने विकलेली नामांकित चित्रकारांच्या नावची डझनावारी चित्रं बनावट निघाली. त्यातलं मार्क रॉथकोच्या नावावरचं एक २००४ साली ८३ लाख डॉलरला विकलं गेलं होतं. मूळ मालकाचं नाव गुप्त आणि साखळी तोंडी. गॅलरीचं नाव मोठं म्हणून लोकांनी ते चालवून घेतलं.

आपल्याकडे ही साखळी म्हणजे जमिनीचा सातबारा आणि जुने फेरफार, गाडीचं आरसी आणि सर्व्हिसचा इतिहास, सोन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा क्रमांक. येवल्याची पैठणी घेताना पदर उलटा करून बघतात तेही हेच. हातमागाच्या पदरावरची नक्षी उलटीकडूनही तशीच नीट दिसते, यंत्रावरच्या कापडात मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. तपासणी आधी, घासाघीस नंतर. उलटं केलंत तर भाव खाली आणल्याच्या आनंदात तपासणी राहून जाते.

बाकी शापावर साधा उतारा आहे. लिलावाला स्वतः न जाणारे लोक आपली वरची मर्यादा आधी लेखी देऊन ठेवतात, लिलावघर त्या आकड्यापलीकडे त्यांच्या वतीने बोलत नाही. तुम्हीही घरातून निघण्याआधी आकडा कागदावर लिहा, शक्य तर घरातल्या दुसऱ्या माणसासमोर. डोक्यात ठेवलेला आकडा बैठकीत सरकतो, लिहिलेला सहसा सरकत नाही.

विकतायत का, आणि कधीपासून?

चित्रं बाजारात येण्याची तीन कारणं या धंद्यात सांगतात: मृत्यू, कर्ज, काडीमोड. म्हणजे विकणाऱ्याची घाई वस्तूत नसते, त्याच्या घरात असते. फ्लॅटचा मालक पुण्याला बदली झाल्यामुळे विकतोय, भावांची वाटणी झाली म्हणून विकतोय, की नुसता भाव काढून बघतोय, यावर तुमची अर्धी बोलणी अवलंबून आहे. थेट विचारायला हरकत नाही. “तुम्हाला ताबा कधीपर्यंत द्यायचाय?” या साध्या प्रश्नातून बहुतेक वेळा उत्तर मिळतं. घाई असणाऱ्याला लवकर आणि खात्रीचे पैसे हवे असतात, भाव थोडा कमी चालतो. घाई नसणाऱ्याला भावच हवा असतो.

दुसरा प्रश्न, कधीपासून? लिलावात राखीव किंमत गाठली नाही की चित्र परत जातं. धंद्यातले लोक त्याला जळालेलं चित्र म्हणतात, कारण पुढच्या वेळी सगळ्यांना आठवतं की हे कुणी घेतलं नव्हतं. वर्षभर “विकणे आहे”चा बोर्ड लावून ठेवलेला फ्लॅट तसाच असतो. म्हणून विकणाऱ्याने सुरुवातीला उगाच अठ्ठावन्न लावून ठेवणं महागात पडतं. आठ महिन्यांनी पन्नासवर उतरलात तरी लोक विचारतात, “यात काहीतरी गडबड आहे का?”

चौरस इंचाचा दर

आता जरा छोट्या बाजाराकडे येऊ, कोट्यवधींपेक्षा तो आपल्याला जास्त जवळचा. नाशिक हे जलरंगांचं गाव. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांनी गोदाघाट कागदावर उतरवला, आजही सकाळच्या उन्हात घाटावर कुणी ना कुणी बोर्ड मांडीवर घेऊन बसलेला दिसतो. अशा चित्राचा भाव कसा ठरतो? आपल्याकडे बरेच चित्रकार आणि गॅलऱ्या चौरस इंचावर दर लावतात. जलरंगाचा पूर्ण शीट २२ बाय ३० इंचाचा असतो, म्हणजे ६६० चौरस इंच. दर ४० रुपये धरला तर २६,४००. अर्धा शीट १५ बाय २२, ३३० चौरस इंच, १३,२००.

कलेला फूटपट्टी लावायची म्हणून या पद्धतीची चेष्टा होते, आणि कलेच्या दृष्टीने ती योग्यही आहे. पण घासाघिशीच्या दृष्टीने ही पद्धत फार हुशार आहे. २५ हजार म्हटलं तर तो हवेतला आकडा वाटतो, समोरचा लगेच वीस म्हणतो. २६,४०० म्हटलं की त्याच्यामागे काहीतरी गणित आहे हे कळतं. आणि मुख्य फायदा पुढे आहे:

“सर, पंधरापर्यंत होईल का? बजेट तेवढंच आहे.”

“ताई, दर सगळ्यांना एकच आहे, तो नाही हलवता येत. पण हाच घाट अर्ध्या शीटवर करून देतो, तेरा हजार दोनशे. उरलेल्यात फ्रेम होऊन जाईल.”

दर जागचा हलला नाही, काम कमी झालं, ताईंचं बजेट सांभाळलं गेलं. चित्रकाराने इथे पंधरा हजारांना पूर्ण शीट दिलं असतं तर गेल्या महिन्यात २६,४०० देऊन गेलेल्या माणसाला ते पंधरा दिवसांत कळलं असतं. नाशिक एवढं मोठं नाही. शिवाय त्याचं काम एखाद्या गॅलरीत असेल तर प्रश्न आणखी बिकट होतो. गॅलरी विक्रीतला तिसरा ते निम्मा हिस्सा घेते, आणि चित्रकार घरून स्वस्तात विकतो हे कळलं की भिंत काढून घेते.

हे सूत्र केटररला, शिकवणीवाल्याला, शिवणकाम करणाऱ्या ताईंना, वेबसाइट करून देणाऱ्या मुलाला, सगळ्यांना लागू आहे. माप सांगा, दर सांगा, गुणाकार समोर करा. कमी करायचं झालं तर माप कमी करा. ४०० रुपयांच्या ताटातला एक गोड पदार्थ आणि एक भाजी काढली की तीनशे चाळीस होतात. तेच ताट तीनशे चाळीसला दिलंत तर पुढच्या लग्नाला बोलणी तीनशे चाळीसपासूनच सुरू होतील.

“पण ते म्हणतात भाव फिक्स आहे”

फिक्स असतो तो बहुधा एकच भाग. सराफ बाजारात सोन्याच्या दरावर कुणी घासत नाही, घडणावळीवर घासतात. चांगली गॅलरीही छापील किंमत उघडपणे खाली आणत नाही, कारण चित्रकाराचा भाव उतरला अशी बोंब झाली तर आधीच्या सगळ्या खरेदीदारांचं नुकसान. पण नेहमीच्या गिऱ्हाइकाला दहा टक्के सोडणं हा तिथला जुना रिवाज आहे, आणि नव्यालाही फ्रेम, पोचवणी किंवा तीन हप्ते मिळू शकतात. मागावं लागतं, इतकंच.

मंगल कार्यालयाच्या मॅनेजरला भाडं कमी करायचा अधिकार नसतो, पण आदल्या संध्याकाळी दोन तास आधी किल्ली देणं, बाहेरचा डेकोरेटर चालवून घेणं, जनरेटरचं डिझेल भाड्यात धरणं हे त्याच्या हातात असतं. अंबड-सातपूरच्या कंपनीत पगाराची श्रेणी हलत नसेल तर सहा महिन्यांनी फेरविचार हे नेमणूकपत्रात लिहून मागता येतं. प्रश्न असा विचारावा: “भाव तुमच्या हातात नाही हे समजलं. तुमच्या हातात काय आहे?”

पगारात मात्र खुंट्याचा धोका मोठा. “सध्या किती मिळतात?” हा प्रश्न म्हणजे तुमच्याच जुन्या पगाराचा खुंटा तुमच्याच गळ्यात. खोटं सांगू नका, पे स्लिप मागतात. “पगाराची कागदपत्रं देतोच, पण या कामाला इथे वर्षाला पाच ते सहा लाख चालतात, मी साडेपाचच्या पुढे विचार करून आलोय,” असं म्हणून नवा खुंटा ठोका.

मधला माणूस कुणाचा?

चित्रबाजारातलं सगळ्यांत महाग प्रकरण याच प्रश्नाचं आहे. २०१३ साली यीव बूव्हिये या स्विस व्यापाऱ्याने लिओनार्दोचं मानलं जाणारं ‘साल्वातोर मुंदी’ सुमारे ८ कोटी डॉलरला घेतलं आणि लगेच दिमित्री रिबोलोव्हलेव्ह या रशियन अब्जाधीशाला १२ कोटी ७५ लाखांना दिलं. रिबोलोव्हलेव्हचं म्हणणं, बूव्हिये माझा एजंट होता, त्याने ठरलेली टक्केवारी घ्यायची. बूव्हियेचं म्हणणं, मी स्वतंत्र व्यापारी, माझा माल मी माझ्या भावाला विकला. जवळपास नऊ वर्षं देशोदेशीच्या कोर्टांत भांडण चाललं, २०२३मध्ये तडजोड झाली. (तेच चित्र २०१७मध्ये ४५ कोटी डॉलरला गेलं. लिलावातल्या चित्राची तोवरची सर्वांत मोठी किंमत. रिबोलोव्हलेव्हच्या तक्रारीचं वजन त्यामुळे थोडं कमी झालं असावं.)

जमिनीच्या किंवा फ्लॅटच्या दलालाला म्हणून पहिल्याच भेटीत दोन प्रश्न विचारा. समोरच्या पार्टीकडूनही टक्केवारी घेणार आहात का? आणि हा माल तुमच्या स्वतःच्या नावावर किंवा साठेखतावर आहे का? दुसऱ्याचं उत्तर “हो” आलं तर तो दलाल नाही, विकणारा आहे, आणि “काका तुमच्यासाठीच सांगतो” या वाक्याचा अर्थ बदलतो. मूळ मालकाशी एकदा समोरासमोर बसल्याशिवाय इसार देऊ नये. दलालाचा महारेरा (घरांच्या व्यवहारांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांकही विचारावा.

हातोडीचा आकडा आणि खिशातला आकडा

लिलावात एक लाखाची बोली जिंकलीत. त्यावर २० टक्के प्रीमियम, २० हजार. प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी, ३,६००. चित्रावर ५ टक्के, ५ हजार (सप्टेंबर २०२५पर्यंत तो १२ टक्के होता). एकूण १,२८,६००. अनुभवी माणूस म्हणून उलटा हिशोब करतो: खिशात लाख आहेत, तर बोली ७७ हजारांवर थांबवायची.

जुन्या फ्लॅटचंही तसंच. मुद्रांक शुल्क, तेही करारातली किंमत आणि रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला दर) यात जे जास्त त्यावर. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. दलाली. महापालिका हद्दीत सोसायटीची हस्तांतरण फी, कमाल मर्यादा २५ हजार, आणि तिच्यापेक्षा जास्त ‘देणगी’ मागितली तर लेखी मागा म्हणावं. बिल्डरकडून नवीन घेत असाल तर करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम तो घेऊ शकत नाही, हे रेरात स्पष्ट आहे. या सगळ्याची बेरीज वजा करून जो आकडा उरतो तीच तुमची बोलीची मर्यादा.

विकणाऱ्यासाठी खिशातला आकडा म्हणजे हातात पडलेले पैसे. मोठी लिलावघरं विक्रीनंतर साधारण ३५ दिवसांनी विकणाऱ्याला पैसे देतात, आणि घेणाऱ्याने पूर्ण पैसे भरेपर्यंत चित्र सोडत नाहीत. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत नेमकं उलटं घडतं. किलोला दोन रुपये जास्त म्हणणाऱ्याला बाग दिली जाते, हजार-दोन हजार इसार घेतला जातो, माल निघून जातो आणि व्यापाऱ्याचा फोन बंद. भाव ठरवताना त्याच दमात हेही ठरवावं: गाडी भरली की त्या गाडीचे पैसे, ते खात्यात दिसल्यावर पुढच्या गाडीची तोडणी. यासाठी किलोमागे एक रुपया कमी घ्यावा लागला तरी घ्यावा.

“यात खोटं बोलावं लागतं ना?”

नाही, आणि फायद्याचंही नाही. लिलावात एक जुनी युक्ती आहे. सुरुवातीला हात वर येत नसतील तर लिलाव पुकारणारा विकणाऱ्याच्या वतीने बोली पुढे सरकवतो. छताच्या झुंबराकडे बघून बोली घेतल्यासारखं, म्हणून तिला झुंबराची बोली म्हणतात. पण तिलाही नियम आहे. राखीव किमतीपर्यंतच. तिच्यावर एकही खोटी बोली चालत नाही, कारण त्याच बोलीवर बाकीचे थांबले तर चित्र झुंबराच्या गळ्यात पडेल.

हा नियम घरच्या व्यवहारातला माणूस विसरतो. सेहेचाळीस पंधरावरून खरेदीदार साडेसत्तेचाळीसवर आलाय, मग अठ्ठेचाळीस दहा, मग अठ्ठेचाळीस तीस. त्याची पावलं लहान होत चाललीत, म्हणजे भिंत जवळ आली हे ओळखायला हवं. त्याऐवजी मालक म्हणतात, “काल एक पार्टी येऊन गेली, साडेएक्कावन्न द्यायला तयार आहे.” अशी पार्टी नसते. समोरचा चहाचा कप खाली ठेवतो आणि हसून म्हणतो, “मग काका, त्यांनाच द्या, चांगला भाव आहे.” पुढच्या आठवड्यात काकांना त्यालाच फोन करावा लागतो, आणि त्या फोनवर अठ्ठेचाळीस तीस शिल्लक नसतात.